पोटावरचे वळ आणि बॅगेतून आलेली ट्यूब

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्री साडेनऊला इथल्याच, पोर्टलीशमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, जरा येऊन जातेस का? जीपीची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोवर मला काही झोप लागायची नाही."

तिचा मुलगा सोळा वर्षांचा. दोन महिने झाले, त्याने पोहायला जाणं सोडलं होतं. अभ्यासाचं कारण सांगायचा. शेवटी आईने खनपटीला बसून विचारलं तेव्हा कळलं, की जांघेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा उठल्या आहेत, बोटभर लांब, एकाशेजारी एक. मुलगा अंगाने बारीक. वजन वाढलेलं नाही, व्यायामशाळेत जात नाही. मैत्रिणीने नेटवर शोधलं आणि तिला थेट मेंदूतल्या गाठीपर्यंतची माहिती मिळाली.

मी डॉक्टर नाही. जैवरसायनशास्त्र शिकले आहे, आणि या गावातल्या मराठी घरांमध्ये "हिला विचारा" या यादीत माझं नाव आहे, एवढंच. मी काही तपासलं नाही, तपासायचा माझा अधिकारही नाही. फक्त एक विचारलं, "तिथे काही लावत होतास का रे?" तो वर गेला आणि बाथरूममधून एक ट्यूब घेऊन आला. त्या ट्यूबकडे आपण नंतर येऊ. ती कळायला आधी त्वचेच्या आत काय चालतं ते बघावं लागेल.

स्ट्रेच मार्क्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाळंतीण येते. "पोटावरचे वळ" हा शब्दही तिथलाच. पण हे वळ मुलांनाही येतात, उंची झपाझप वाढणाऱ्या पोरांच्या पाठीवर येतात, दंड फुगवणाऱ्यांच्या काखेजवळ येतात. कातडी ताणली की फाटते, असं साधं उत्तर आपण सगळेच देतो. ते अर्धंच खरं आहे. पोट तर प्रत्येक गरोदर बाईचं ताणतं, पण वळ सगळ्यांना येत नाहीत. साधारण दहातल्या आठ जणींना येतात. उरलेल्या दोघींचं पोट काही कमी ताणलेलं नसतं.

वरच्या पातळ बाह्यत्वचेच्या खाली अंतस्त्वचा असते. त्वचेची सगळी ताकद तिच्यात. तिथे कोलॅजेनचे जाड दोर आडवेतिडवे पसरलेले असतात आणि त्यांच्यामधून इलॅस्टिनचे बारीक, ताणून पुन्हा जागेवर येणारे धागे गेलेले असतात. इलॅस्टिनला आकार देणारा सांगाडा फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचा. हे सगळं विणणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. वळ उठतो तेव्हा बाहेरची कातडी शाबूत असते, उसवतं ते आतलं विणकाम. म्हणूनच वळातून रक्त येत नाही, खपली धरत नाही, आणि वरून काहीही चोपडलं तरी ते बिघाडाच्या जागी सहसा पोचत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या त्वचारोग विभागाने २०१५ मध्ये एक छान काम प्रसिद्ध केलं. ताजे वळ उठलेल्या गरोदर स्त्रियांच्या त्वचेचे अगदी छोटे तुकडे घेतले, वळावरचे आणि शेजारच्या चांगल्या त्वचेचे, आणि दोन्हींची तुलना केली. वळाच्या जागी इलॅस्टिनचं जाळं तुटलेलं होतं, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी, की पेशी हातावर हात ठेवून बसलेल्या नव्हत्या. त्या नवीन इलॅस्टिन बनवत होत्या. पण ते धागे बारीक, आखूड आणि विस्कटलेले. त्यांचा धड धागा होत नव्हता, जाळं तर दूरच. फाटलेल्या स्वेटरवर घाईघाईत रफू केलं की भोक बुजतं पण लोकर ताणली जात नाही, तसं काहीसं.

मग दहातल्या दोघी सुटतात कशा? यात मोठा वाटा आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा. २०१३ मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांच्या जनुकांची पाहणी झाली. ज्या जागांचा वळांशी संबंध दिसला त्यातली एक इलॅस्टिनच्या जनुकालगतची होती. दुसरा वाटा हॉर्मोन्सचा आणि तिसरा ताणाचा. वजन किती वाढलं, बाळ किती मोठं, याने फरक पडतो. आणि एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते: आईचं वय जितकं कमी तितके वळ जास्त. विशीतल्या मुलीला तिशीतल्या बाईपेक्षा धोका अधिक. "तरुण कातडी लवचीक, तिला काही होत नाही" हे आपलं गृहीतक इथे चालत नाही.

आता तेलाकडे वळू. बाळंतपण परदेशात असलं तरी पार्सल येतंच. खोबरेल, बदामाचं तेल, कुणाच्या तरी मावशीने सांगितलेलं केशरयुक्त काहीतरी. इथल्या सुपरमार्केटमध्येही कोको बटरच्या बाटल्यांची एक फळी असते आणि त्यावर गोल पोटाचं चित्र. हे चालतं का?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर योगायोगाने आयर्लंडमधूनच आलं आहे. गॉलवेच्या विद्यापीठातल्या नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी आढावा घेतला. तोवर झालेल्या सहा चाचण्या, त्यात मिळून ८०० स्त्रिया. काही जणींनी औषधी घटक असलेलं मलम किंवा तेल लावलं, काही जणींनी साधं मलम, काही जणींनी काहीच नाही. वळ येण्याच्या प्रमाणात खात्रीने सांगता येईल असा फरक निघाला नाही. कोको बटरच्या वेगळ्या चाचण्या लेबनॉनमध्ये आणि जमैकात झाल्या, तिथेही हाच निकाल. गॉलवेच्याच मंडळींनी नंतर आयर्लंडमधल्या गरोदर स्त्रियांची पाहणी केली तेव्हा चारातल्या तिघींहून अधिक जणी काही ना काही लावतच होत्या, आणि बऱ्याच जणी एकाहून अधिक गोष्टी. फायदा दिसत नसताना खप मात्र असा.

तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात कडू बदामाच्या तेलाने मालिश करणाऱ्या स्त्रियांना वळ कमी आले. नुसतं तेच तेल लावणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणजे श्रेय असलंच तर हाताला, बाटलीला नाही. पण तो अभ्यास लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. माझं मत विचाराल तर खोबरेल जरूर लावा. आयर्लंडच्या हिवाळ्यात हीटिंगने कातडी कोरडी पडते, ताणलेल्या पोटाला खाज सुटते, ती तेलाने शमते. तेवढ्यासाठी तीस युरोची बाटली लागत नाही. आणि वळ आले तर "मी लावायला आळस केला" असं स्वतःला बोल लावू नका. सासूबाईंनी लावला तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

खाजेवरून आठवलं. "खाजवू नकोस, वळ उठतील" हे वाक्य आपल्याकडे किती जुनं असावं? चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीच्या सातव्या महिन्याचं वर्णन आहे. तिथे या वळांना किक्किस असं नाव आहे. बायका म्हणतात की गर्भाला केस फुटतात म्हणून आईला जळजळ होते. आत्रेय म्हणतात, तसं नाही, वाढत्या गर्भाच्या दाबामुळे दोष वर सरकतात, त्यातून जळजळ, जळजळीतून खाज आणि खाजेतून किक्किस. उपाय म्हणून औषधी घालून सिद्ध केलेलं लोणी बोराच्या काढ्यासोबत द्यावं, पोटाला आणि स्तनांना चंदन व कमळाच्या देठाचा लेप चोळावा, आणि खाजवणं टाळावं, नाहीतर कातडी फुटून विद्रूप होते, असा सल्ला.

आज आपल्याला माहीत आहे की खाजवल्याने वळ उठत नाहीत. ताणामुळे खाज आणि वळ दोन्ही एकाच सुमाराला येतात, म्हणून एकामुळे दुसरं आलं असं वाटतं. पण मला या उताऱ्यात मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बायकांचं म्हणणं नोंदवलं आहे, ते नाकारलं आहे, आणि नाकारताना गर्भाच्या दाबाचं कारण दिलं आहे. (जळजळ आणि बाळाचं जावळ ही जोडी तर आजही आपल्या आज्या लावतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी हा समज खोडून काढायला ६४ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, आणि जास्त जळजळ झालेल्यांच्या बाळांना खरंच जास्त केस निघाले! आत्रेयांसमोर त्या बायकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती म्हणायची.)

खाजेबद्दल एक गोष्ट मात्र गंमत सोडून सांगायची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खाज वळांवरच असेल, त्यावर बारीक पुरळ असेल आणि बेंबीभोवतीचा भाग मोकळा असेल, तर तो बहुधा गरोदरपणातला एक पुरळच असतो. त्रासदायक, पण बाळाला निरुपद्रवी. पण खाज तळहात आणि तळपायांना असेल, पुरळ काहीच नसेल, रात्री वाढत असेल, तर ती यकृताची खूण असू शकते. याला ऑब्स्टेट्रिक कोलेस्टॅसिस म्हणतात. पित्ताम्लं रक्तात साठतात, आणि ती फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. ब्रिटनमध्ये हे हजारातल्या सुमारे ७ गरोदर स्त्रियांना होतं, भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांमध्ये हजारात १२ ते १५ जणींना. म्हणजे जवळजवळ दुप्पट. रक्ताची एक तपासणी पुरते. पोर्टलीशच्या हॉस्पिटलला प्रसूतिविभाग आहे, आणि गरोदरपणातल्या तपासण्या जीपीकडे व हॉस्पिटलमध्ये मोफत आहेत. "तेल लावते, जाईल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

आता ती ट्यूब.

मुलाला गेल्या उन्हाळ्यात भारतात असताना जांघेत गजकर्ण झालं होतं. पावसाळा, घाम, घट्ट जीन्स, नेहमीचंच. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मलम दिलं, दोन दिवसांत खाज थांबली. मैत्रिणीने खुश होऊन चार ट्यूब बॅगेत टाकल्या. इथे आल्यावर खाज परत यायची, तो लावायचा, थांबायची, परत यायची. असे जवळजवळ चार महिने गेले. ट्यूबवर बारीक अक्षरात तीन नावं होती: एक बुरशीचं औषध, एक प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल. हे शेवटचं म्हणजे बाहेरून लावायच्या स्टिरॉइडमधलं सर्वांत जहाल गटातलं.

स्टिरॉइड दाह विझवतं, म्हणून खाज दोन दिवसांत थांबते. पण ते फायब्रोब्लास्टचं कामही थांबवतं. कोलॅजेन कमी, इलॅस्टिन कमी, कातडी कागदासारखी पातळ. मग उठता-बसतानाचा रोजचा ताणसुद्धा तिला सोसत नाही. आणि जागाही नेमकी वाईट. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून स्टिरॉइड किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाला १ धरलं तर तळपायाला ०.१४, जबड्याजवळ १३ आणि वृषणाच्या त्वचेतून ४२! जांघेची घडी ओली, उबदार आणि झाकलेली, तिथे औषध आणखी आत मुरतं. वर स्टिरॉइडमुळे तिथली प्रतिकारशक्ती निजते, त्यामुळे बुरशी मरत नाही, शांतपणे पसरते. कडा पुसट होतात आणि डॉक्टरलाही ते गजकर्ण म्हणून ओळखू येत नाही.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल याविरुद्ध बरीच वर्षं ओरडते आहे. गजकर्णासाठीच नव्हे, गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या स्टिरॉइड मलमांविरुद्धही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. बंदी कागदावर आहे. तुम्ही शेवटचे भारतात गेलात तेव्हा चिठ्ठी कुणी मागितली होती का, आठवून बघा. आयर्लंडमध्ये फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं ते सौम्य हायड्रोकॉर्टिझोन. क्लोबेटासॉल हवं तर डॉक्टरची सही लागते. आपण इथल्या फार्मसीला "साधं मलमसुद्धा देत नाहीत" म्हणून नावं ठेवतो आणि बॅगेतून घेऊन येतो. मीही आणलं आहे, त्यामुळे मैत्रिणीला बोलायला माझं तोंड नव्हतं.

मेंदूतल्या गाठीची तिची भीती अगदीच हवेतली नव्हती. हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या एका तरुण स्त्रीच्या अंगावर असेच जांभळे पट्टे होते. पियुषिका ग्रंथीतल्या बारीक गाठीमुळे शरीर स्वतःच जादा कॉर्टिसॉल बनवतं, हे त्याने १९३२ मध्ये मांडलं. आतून आलेलं कॉर्टिसॉल काय आणि ट्यूबमधलं काय, कातडीला दोन्ही सारखंच. कुशिंगच्या आजारात वळ सहसा एक सेंटिमीटरहून रुंद असतात, आणि सोबत चेहरा गोल होणं, सहज काळंनिळं पडणं, जिना चढताना मांड्यांत ताकद नसणं अशी लक्षणं दिसतात. असं काही असेल तर तपासणी हवीच. खूप उंच, सडपातळ, लांबसडक बोटांच्या मुलाला वजन न वाढता खांद्यांवर किंवा कमरेवर वळ आले तरी डॉक्टरला दाखवा. मार्फान या आजारात फायब्रिलिनच सदोष असतं आणि त्यात महारोहिणी जपावी लागते. बहुतेक उंच मुलांना मात्र यातलं काहीही नसतं. त्यांच्या पाठीवर आडव्या रेघा येतात त्या फक्त वाढीच्या. शाळेत कुणाला त्या माराच्या खुणा वाटल्या आणि विचारणा झाली, तर घाबरू किंवा चिडू नका, जीपीला दाखवा.

उपचारांचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. वळ ताजा असताना लाल-जांभळा असतो आणि पुढे पांढुरका पडतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ताजा वळ तपकिरी किंवा काळपटही दिसतो, आणि पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे, हे डॉक्टरकडे जाताना ध्यानात असू द्या. जे काही करायचं ते ताज्या अवस्थेत. मिशिगनमध्येच १९९६ साली ०.१ टक्का ट्रेटिनॉइनची चाचणी झाली होती. सहा महिन्यांत ताज्या वळांची लांबी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. गायब झाले नाहीत, कमी झाले. आणि हे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, गरोदरपणी वर्ज्य, अंगावर पाजतानाही टाळलेलं बरं. म्हणजे ज्यांना ते सर्वांत जास्त हवं असतं त्यांनाच ते लावता येत नाही.

लेझरने ताज्या वळांची लाली उतरते, पण सावळ्या त्वचेवर लेझरनंतर डाग काळे पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच अधिक. क्लिनिकच्या जाहिरातीतली आधीची-नंतरची पोटं कुणाच्या रंगाची आहेत ते बघा, आणि "माझ्यासारख्या त्वचेवर किती वेळा केलं आहे?" असं सरळ विचारा. बारीक सुयांनी टोचून कोलॅजेन वाढवायची मायक्रोनीडलिंगची पद्धत आपल्या रंगाला त्यामानाने सुरक्षित. पांढऱ्या पडलेल्या वळांत ३०८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने रंग परत येतो, पण टिकत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. हे सगळं खिशातून. घरगुती उपायांपैकी लिंबू चोळून उन्हात बसणं एवढं तरी करू नका, कातडी भाजून डाग पडतात. इथे ऊन नसतं म्हणून वाचतो, पण भारतात सुट्टीवर गेल्यावर नाही.

काहीही न करणं हाही एक पर्याय आहे, आणि बहुतेकांना पुरतो. वर्ष-दोन वर्षांत रंग फिका होतो आणि रेघ अंगात मिसळून जाते.

मुलाच्या जीपीने ट्यूब हातात घेतली, नाव वाचलं आणि उलटी करून पुन्हा वाचलं. इतके महिने लावलेलं स्टिरॉइड बंद करताना खाज उसळते, म्हणून ते कसं थांबवायचं ते त्याला समजावून सांगितलं, आणि बुरशीच्या तपासणीसाठी त्वचेचे खवले पाठवले. भारतातून आलो आहोत हे मैत्रिणीने आठवणीने सांगितलं. तुम्हीही सांगा, कारण २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेली, भारतीय उपखंडात फोफावलेली बुरशी आहे, आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध पुष्कळदा चालत नाही.

गजकर्ण फेब्रुवारीपर्यंत गेलं. वळ आहेत, जांभळ्याचे आता तपकिरी झाले आहेत. तो परत पोहायला जातो, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून. उरलेल्या तीन ट्यूब मैत्रिणीने फार्मसीत परत टाकायला नेल्या, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं की ही नक्की कशासाठी वापरत होता, तर तिला इंग्रजीत गजकर्ण पटकन आठवेना.